इंजिन बांधताना आतले झिजलेले पार्ट बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन खोललं की लोक विचारतात काय काय बदलू, आणि मी दरवेळी उलट विचारतो की काय काय मोजलंत. निम्म्या जणांचं बोलणं तिथेच थांबतं. बाकीच्यांसाठी हे लिहून ठेवलंय. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. आकडे दिलेत ते अंदाज यावा म्हणून, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअल खरं, मी खोटा.

१. इंजिन खोलायची खरंच गरज आहे का हे न खोलता कसं कळणार?

आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब तयार करतो ते गेज लावून बघा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चांगली, नाहीतर आकडा फसवतो. सगळ्या सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या साधारण १० टक्क्यांच्या आत असले तर घाई नको. एखादा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत बघा. आकडा चढला तर रिंग (पिस्टनवरची कडी) किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ही ट्रिक पेट्रोलसाठी, डिझेलमध्ये ऑईल टाकू नका, तिथे जागा इतकी कमी असते की त्या ऑईलनेच कॉम्प्रेशन वाढतं आणि ते पेट पण घेऊ शकतं. आडव्या सिलेंडरच्या इंजिनातही ऑईल खालच्या बाजूलाच साचतं म्हणून भरवसा नाही.

त्याहून चांगली म्हणजे लीकडाऊन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलेंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑईल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा क्रॅक. ऑईलच्या तोंडातून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येतेच, ती ऐकून लगेच इंजिन उतरवू नका.

२. निळा धूर येतोय, म्हणजे रिंगाच गेल्या ना?

नाही हो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक निळा भपकारा येऊन बंद होतो, किंवा उतारावर गिअरमध्ये बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटर सोडून आलात आणि खाली परत दाबल्यावर येतो, तर आधी व्हॉल्व्हचे सील आणि गाईड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) बघा. चढावर लोडखाली सतत येतो तर रिंगा. टर्बो असेल तर टर्बोचं सील पण ऑईल सोडतं, आणि क्रँककेसचा ब्रीदर (आतला गॅस बाहेर काढणारी वाट) तुंबला तर सगळं चांगलं असूनही इंजिन ऑईल पितं. ब्रीदरचा व्हॉल्व्ह सगळ्यात सोपा पार्ट आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी बघतात.

३. पूर्ण रिबिल्ड किट मिळतं, तेच आणून सगळं बसवून टाकलं तर?

मी माझ्या पहिल्या इंजिनाला हेच केलं होतं. खोलायच्या आधीच स्टँडर्ड साईजचं किट आणून ठेवलं, शेल (क्रँक आणि रॉडच्या बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बसवले, इंजिन बांधलं, सुरू पण झालं. गरम झाल्यावर आयडलवर ऑईलचा दिवा मिचमिचायला लागला. परत खोललं तेव्हा कोपऱ्यात टाकलेले जुने शेल उचलून पाठ बघितली, त्यावर बारीक अक्षरात ०.२५ कोरलेलं. म्हणजे आधी कोणीतरी क्रँक ग्राईंड करून झाला होता आणि मी त्यावर स्टँडर्ड शेल चढवले होते. पाव एमएमची ढिलाई, आणि मी आठवडाभर ऑईल पंपाला दोष देत बसलो.

म्हणून आधी खोला, धुवा, मोजा, मग पार्ट मागवा. किट वाईट नसतं, पण त्यातल्या रिंगा, पिस्टन आणि शेल कुठल्या साईजचे हवेत हे मापं घेतल्यावरच कळतं.

४. न मोजता बदलायचेच असे पार्ट कुठले?

सगळी गॅस्केट, ऑईल सील, व्हॉल्व्ह स्टेम सील, रिंगा, मेन आणि रॉडचे शेल, गजन पिनचे (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचे) सर्कलिप, टायमिंग बेल्ट असेल तर बेल्ट टेन्शनरसकट, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, थर्मोस्टॅट आणि फिल्टर. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात त्या कोअर प्लग पण बदला, त्या आतून गंजतात आणि इंजिन गाडीत चढल्यावर त्यातल्या अर्ध्यांपर्यंत हातसुद्धा पोचत नाही. बोल्टचं प्रश्न १६ मध्ये सांगितलंय.

बाकी पिस्टन, रॉड, क्रँक, कॅम, व्हॉल्व्ह, पंप हे मापात असतील तर परत वापरायला काहीच हरकत नाही. नुसता नवा पार्ट बसवला म्हणून इंजिन चांगलं होत नाही.

५. मोजायला काय लागतं? व्हर्नियर आहे माझ्याकडे.

व्हर्नियरने पाईप मोजा. इथे सगळा खेळ एमएमच्या शंभराव्या भागाचा आहे आणि व्हर्नियर हाताच्या दाबाने तेवढं इकडेतिकडे होतं. बाहेरच्या मापासाठी मायक्रोमीटर, बोअरसाठी डायलवाला बोअर गेज, फीलर गेजचा सेट, सरळ धारेची पट्टी, स्टँडवाला डायल गेज आणि प्लास्टिगेज एवढं हवं. नसेल तर ब्लॉक आणि क्रँक मशीन शॉपला नेऊन फक्त मापं लिहून घ्या, तेवढं ते करून देतात.

पार्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच खोलीत थोडा वेळ पडू द्या मग मोजा, मापं २० अंश सेल्सियसला धरलेली असतात. नुकताच गरम पाण्याने धुतलेला ब्लॉक लगेच मोजला तर बोअर मोठाच येणार, आणि मायक्रोमीटर बराच वेळ मुठीत धरून बसलात तरी रीडिंग हलतं.

६. बोअर झिजलाय हे नुसतं बघून कळतं का?

थोडंफार. बोअरच्या वरच्या काठापासून थोडं खाली नख फिरवा. तिथे पायरी लागली तर ती रिज. पिस्टन वर आल्यावर पहिली रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंतची भिंत झिजते आणि त्याच्या वरचा पट्टा मूळ मापाचा राहतो, म्हणून पायरी. झीज सगळ्यात जास्त याच पायरीच्या खाली असते, कारण तिथे गॅसचा दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त आणि पिस्टन दिशा बदलायला क्षणभर थांबतो त्यामुळे ऑईलची फिल्म तुटते.

आता गेज घ्या. वर, मध्ये, खाली अशी तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या लांबीला समांतर एक, त्याला आडवं एक, मिळून सहा मापं एका सिलेंडरची. वरचं आणि खालचं यातला फरक म्हणजे टेपर, त्याच उंचीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. आडवं माप जवळपास नेहमीच मोठं निघतं कारण पॉवर स्ट्रोकला पिस्टन त्याच बाजूला दाबला जातो. जुन्या दणकट इंजिनांना ०.१ एमएम टेपरपर्यंत चालवून घेतात, आजकालच्या पातळ रिंगांच्या इंजिनांना त्याच्या निम्मा पण जास्त होतो.

७. पिस्टन चांगले दिसतायत, फक्त रिंगा बदलल्या तर काम होईल का?

बोअर मापात असेल आणि पिस्टनचे खाचे चांगले असतील तर होईल. दोन्ही अटी हव्यात. खाच्यातला कार्बन साफ करून नवी रिंग आत ठेवा आणि फटीत फीलर गेज घाला. पहिल्या रिंगला ०.१ एमएमच्या वरची पट्टी आरामात जात असेल तर खाचा रुंद झालाय, तिथे नवी रिंग वरखाली आपटत राहते आणि दर फेरीला ऑईल वर पंप करते. असा पिस्टन बाजूला ठेवा.

पिस्टन मोजताना कुठेही मोजू नका. पिस्टन मुद्दाम थोडा अंडाकृती आणि वर निमुळता बनवलेला असतो, म्हणजे गरम झाल्यावर गोल होतो. माप स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिनच्या काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवरच घ्यायचं.

आणि रिज असेल (प्रश्न ६) तर ती रीमरने काढल्याशिवाय नव्या रिंगा घालू नका. जुन्या रिंगची धार झिजून गोल झालेली असते म्हणून ती पायरीखाली निवांत चालते, नव्या रिंगची कोरी धार त्या पायरीवर आपटते आणि रिंग तरी तुटते किंवा खाच्यांमधला पिस्टनचा भाग. रिज मोठी असेल तर पिस्टन बाहेर काढायच्या आधीच काढा, नाहीतर ठोकून काढताना पिस्टन खराब होतो.

८. होनिंग (बोअर दगडांनी हलकं घासणं) केलंच पाहिजे का? बोअर आरशासारखा चकचकीत आहे.

तो आरसाच तर प्रॉब्लेम आहे. भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी लागते, क्रॉसहॅच, त्यात ऑईल टिकतं आणि सुरुवातीला रिंग त्यावर घासून बसते. रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशात छेदायला हव्यात. ड्रिलला लावायच्या होनने करत असाल तर ड्रिल हळू फिरवा आणि हात पटापट वरखाली, उलटं केलं तर रेघा जवळजवळ आडव्या पडतात.

पण थांबा, आधी ब्लॉक कशाचा आहे ते बघा. साधा बिडाचा बोअर किंवा बिडाची स्लीव्ह (ब्लॉकमध्ये घातलेली नळी) असेल तर वरचं सगळं लागू. निकासिलचा थर असलेल्या अ‍ॅल्युमिनियम बोअरवर साधे दगड चालवू नका, तो निकेल आणि सिलिकॉन कार्बाईडचा थर आहे, माह्ले कंपनीने १९६७ मध्ये वँकेल इंजिनासाठी आणला, कमालीचा कठीण पण एकदम पातळ, आणि गेला की गेला. अल्युसिलसारख्या ब्लॉकमध्ये तर अ‍ॅल्युमिनियम थोडं खाली नेऊन सिलिकॉनचे कण उघडे ठेवलेले असतात, पिस्टन त्या कणांवर चालतो, तिथे घरगुती होन लावलात तर ते कणच फुटतात. अशा ब्लॉकला त्यातलं मशीन शॉपच हवं.

९. होनिंगनंतर पेट्रोल किंवा डिझेलने धुतलं, पुरेसं आहे ना?

नाही. हा एक मुद्दा मी भांडून सांगतो. पेट्रोलने ऑईल निघतं, दगडाची पूड तिथेच रेघांमध्ये बसून राहते, आणि ती पूड म्हणजे घासायचाच पदार्थ. नवीन रिंगा थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

गरम पाणी, कपडे धुवायची पावडर नाहीतर भांड्याचं लिक्विड, आणि ताठ ब्रश. घासा, पाणी ओता, परत घासा. मग कोरा पांढरा सुती कपडा घेऊन बोअरमध्ये दाबून फिरवा. पहिल्यांदा कपडा राखाडी निघतो आणि तुम्हाला वाटेल आता तर धुतलं होतं. परत धुवा. तिसऱ्या चौथ्या वेळेला कपडा पांढरा निघतो, त्याआधी थांबायचं नाही. लगेच हवा मारून सुकवा आणि ऑईल लावा, कारण ओला कोरा बीड बघता बघता तांबूस होतो. ऑईलच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटांचे) प्लग काढून त्यातूनही लांब ब्रश फिरवा.

१०. रिबोअर करू की स्लीव्ह टाकू? आणि एकाच सिलेंडरला ओरखडा असेल तर एकच पिस्टन बदलता येतो का?

ओव्हरसाईज पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० एमएम असे मिळतात, पण प्रत्येक इंजिनाला सगळे मिळतातच असं नाही, म्हणून आधी काय मिळतंय ते बघा. पिस्टन आधी हातात आणा, मोजा, आणि मशीन शॉपला पिस्टनसकट ब्लॉक द्या, बोअर त्या पिस्टनला धरून व्हायला हवा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणारे बरेच जण भेटलेत, त्यांचे ब्लॉक अजून पडून आहेत. शेवटचा ओव्हरसाईज पण झाला असेल किंवा भिंतीला क्रॅक असेल तर स्लीव्ह.

एकाच सिलेंडरचं नुकसान असेल तर त्यालाच स्लीव्ह घालून मूळ मापावर आणता येतं, बाकी तीन मापात असतील तर. एकच पिस्टन बदलायचा तर तो बाकीच्यांच्या वजनाला जुळवा, फरक मोजक्या ग्रॅममध्ये ठेवा. एक ०.५० आणि बाकी स्टँडर्ड असं मी करत नाही, चालतं म्हणणारे आहेत, पण पुढे कधी खोलणाऱ्याचे हाल होतात.

११. रिंग गॅप किती ठेवायचा? पाकिटातून काढून तशीच बसवायची असते ना?

प्रत्येक रिंग त्याच्याच सिलेंडरमध्ये घालून बघायची. रिंग आत टाका, उलट्या पिस्टनने थोडी खाली ढकला म्हणजे सरळ बसेल, आणि तोंडाच्या फटीत फीलर गेज घाला. साध्या पेट्रोल इंजिनाच्या पहिल्या रिंगला ढोबळ हिशोब बोअर गुणिले ०.००४, म्हणजे ८० एमएम बोअरला ०.३२ एमएम. दुसऱ्या रिंगला तेवढाच किंवा किंचित जास्त. टर्बो असेल तर अजून जास्त, कारण रिंग जास्त तापते आणि जास्त फुगते.

गॅप थोडा जास्त झाला तर थोडा गॅस निसटेल, एवढंच. कमी झाला तर गरम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा राहत नाही, ती भिंतीत रुतते आणि पिस्टनचा वरचा तुकडा घेऊन जाते. म्हणून शंका असेल तर मोठ्या बाजूला रहा. घासायचं तर फक्त एक टोक घासा, बाहेरून आतल्या दिशेने, आणि कडेची बूर काढा.

चढवताना ठिपका किंवा टॉपची खूण वर. गॅप एकाखाली एक येऊ देऊ नका, साधारण १२० अंशांवर फिरवा. ऑईल रिंगच्या मधल्या स्प्रिंगची टोकं समोरासमोर टेकायला हवीत, एकावर एक चढली तर ते इंजिन पहिल्या दिवसापासून ऑईल पितं आणि तुम्ही बाकी सगळीकडे शोधत बसता.

१२. शेलची साईज कशी ठरवायची आणि प्लास्टिगेज नक्की वापरतात कसं?

जुन्या शेलची पाठ वाचा (माझी फजिती प्रश्न ३ मध्ये आहे), मग क्रँकचे जर्नल (शेलमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा, दोन दिशांत आणि दोन्ही कडांना. ग्राईंड केलेल्या क्रँकला ०.२५, ०.५० अशा अंडरसाईजचे शेल लागतात. बऱ्याच नवीन इंजिनांत स्टँडर्डमध्येही तीन चार ग्रेड असतात, ब्लॉकवर आणि क्रँकवर अक्षरं किंवा आकडे ठोकलेले असतात, त्यावरून रंगाची खूण असलेला शेल निवडायचा.

प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखा बारीक धागा. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, धाग्याचा तुकडा जर्नलच्या लांबीत ठेवा, कॅप (शेल धरणारं अर्धं झाकण) बसवून पूर्ण टॉर्क (बोल्ट आवळायचा ठरलेला जोर) द्या, आणि क्रँक अजिबात फिरवू नका. फिरला की धागा फासला आणि माप गेलं. कॅप काढा, चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा, जेवढा रुंद तेवढी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर जर्नल निमुळता झालाय. साधारण ५० एमएमच्या जर्नलला ०.०२५ ते ०.०५ एमएम फट असते.

मेन बेअरिंगबरोबर थ्रस्ट वॉशर विसरू नका, त्याच्या ऑईलच्या खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात. उलटा बसवला तर खूप लवकर संपतो.

१३. जर्नलवर रेघा आहेत, पॉलिश करून भागेल का?

नख आडवं फिरवा. रेघ दिसते पण नख अडकत नाही, तर पॉलिश. नख अडकतं, किंवा जर्नल लंबगोल झालाय, तर ग्राईंड. ग्राईंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मूळसारखीच ठेवायला सांगा, तिथे काटकोनी धार राहिली तर क्रँक पुढे तिथूनच तुटतो. पृष्ठभाग कडक केलेले क्रँक असतात, नायट्राईड वगैरे, तो थर पातळ असतो, ग्राईंड केला की परत ट्रीटमेंट लागते, आणि काही क्रँकना कंपनीच ग्राईंड करू नका म्हणून सांगते. पैसे घालायच्या आधी क्रॅक टेस्ट करून घ्या. बीड आणि स्टीलला चुंबकीय टेस्ट, अ‍ॅल्युमिनियमला रंगाची.

१४. जुने शेल फेकून दिले तर चालतील?

वाचून झाल्यावर. शेलवर मऊ धातूचा थर असतो, जुन्या काळी बॅबिट, आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये काढलेला, आता अ‍ॅल्युमिनियम टिन किंवा तांब्याच्या मिश्रधातूवर पातळ थर. तो मऊ असतो म्हणजे कचरा त्यात रुतावा आणि क्रँक वाचावा. म्हणून शेल हा इंजिनाचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे. सगळ्या शेलवर तांबूस रंग एकसारखा दिसतोय तर नुसतं वय. बारीक रेघा आणि रुतलेले कण तर घाण ऑईल किंवा आधीच्या बांधणाऱ्याने न धुतलेला ब्लॉक. रॉडच्या शेलची एका बाजूची फक्त कड झिजलीय तर रॉड वाकलेला असू शकतो. मधलाच एक मेन शेल जास्त झिजलाय तर क्रँक वाकडा आहे का बघा. काढताना प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने नंबर लिहा, ढीग केलात की साक्ष संपली.

१५. मेन आणि रॉडच्या कॅप मिसळल्या, आता काय?

आधी नीट बघा, बहुतेकदा नंबर किंवा बाण ठोकलेला असतो. मेन कॅप ब्लॉकला लावूनच मशीन केलेल्या असतात म्हणून जागा किंवा तोंड बदललं की भोक गोल राहत नाही. खुणा नसतील तर शॉपकडून लाईन बोअर किंवा लाईन होन करून घ्यावं लागतं.

रॉड तोडून बनवलेला असेल, म्हणजे कॅपचा जोड खडबडीत तुटलेल्या दगडासारखा, तर उलट सोपं आहे, योग्य जोडी कचकन एकमेकांत बसते आणि रेघ जवळपास दिसत नाही. चुकीची जोडी किंवा उलटी कॅप मात्र एकदा जरी टाईट केलीत तरी तो खडबडीत जोड चेपतो आणि रॉड बाद.

१६. जुने बोल्ट चांगले आहेत, परत वापरू?

मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या पुढे अंश लिहिले असतील, म्हणजे आधी इतका टॉर्क मग ९० अंश वगैरे, तर बहुतेक ते ताणले जाणारे बोल्ट असतात आणि नवेच लागतात. हेडचे तर नक्कीच नवे घ्या. काही कंपन्या लांबी मोजून परत वापरायला परवानगी देतात, तसं लिहिलं असेल तरच.

बंद भोकांत ऑईल किंवा पाणी राहू देऊ नका. बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं, कुठे जायला जागा नसते, आणि ब्लॉक फुटतो. ओळखीतल्या एकाचा असाच गेला, टॉर्क रेंचने क्लिक द्यायच्या आधी बारीक टक् आवाज आला आणि भोकाच्या बाजूला केसाएवढी रेघ. हवा मारा, कापसाची काडी आत घालून बघा कोरडी निघते का.

१७. हेडमध्ये काय बघायचं? खालचं सगळं नवीन केलंय.

खालचं नवीन केलंत आणि वरचे गाईड तसेच झिजके ठेवलेत तर धूर तसाच राहील. हेड उलटं करून सरळ पट्टी आणि फीलर गेजने सहा दिशांनी बघा, बऱ्याच इंजिनांना ०.०५ एमएमच्या वर वाकलेलं चालत नाही. पत्र्याच्या थरांचं गॅस्केट असेल तर पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतो, कागदाने घासून काढलेला नाही.

व्हॉल्व्ह थोडा बाहेर काढून आडवा हलवा, खुळखुळ वाटली तर गाईड. गाईड आधी, सीट नंतर, कारण सीट कापायचं टूल गाईडमध्येच बसतं. सीट फार अरुंद करू नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, अरुंद झाली की कड जळते. ग्राईंडिंग पेस्टचा कणही मागे ठेवू नका. सगळं बसल्यावर चेंबरमध्ये केरोसीन भरून ठेवा, पोर्टमध्ये ओल येत नसेल तर बसलं.

१८. टायमिंग चेन, ऑईल पंप पण बदलायचे?

चेन ताणलीय का ते टेन्शनर किती बाहेर आलाय त्यावरून कळतं. बदलायची तर गाईड, टेन्शनर, दोन्ही गिअर सगळं एकत्र, जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. बांधून झाल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा परत जुळवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल.

पंप खोलून फटी मोजा, रिलीफ व्हॉल्व्ह बोटाने सरकतो का बघा. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा पंप मी न मोजताच बदलतो, त्यातून सगळा कीस गेलेला असतो. आणि ऑईल संपच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) कडेला सिलिकॉन लावताना हात आवरा, आत पिळून आलेला भाग तुटून ऑईलच्या जाळीवर जाऊन चिकटतो.

१९. डिझेलला वेगळं काय?

मापण्याची पद्धत तीच, पण पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजायचं आणि त्यावरून हेड गॅस्केटची जाडी ठरते. गॅस्केटच्या कडेला भोकं किंवा खाचे असतात, एक, दोन, तीन, ती जाडीची खूण. जुन्यावर जेवढे होते तेवढेच घ्या असं फक्त पिस्टन, रॉड, क्रँक, ब्लॉक यातलं काहीच बदललं किंवा मशीन केलं नसेल तर. पाण्यात बसणारे लायनर असतील तर प्रत्येकाची कॉलर ब्लॉकच्या वर किती राहते ते मोजा, शेजारशेजारच्यांत फरक पडला की गॅस्केट तिथेच उडतं.

२०. बेअरिंग जागेवरून फिरलं होतं. क्रँक ग्राईंड केला, शेल नवीन, तरी परत गेलं. का?

दोनपैकी एक, कधी दोन्ही. फिरलेल्या शेलने रॉडचं मोठं भोक तापवून लंबगोल केलेलं असतं, ते मोजलं नाही. रॉडला कॅप लावून, टॉर्क देऊन, शेलशिवाय भोक मोजा. दुसरं म्हणजे कीस. तो ऑईल कूलरमध्ये, गॅलरीत, क्रँकच्या तिरप्या भोकांत, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉईडच्या बारीक जाळीत आणि टर्बोच्या पाईपमध्ये बसलेला असतो. कूलर धुवून साफ होतो यावर माझा विश्वास नाही, नवा घ्या. बाकी प्रश्न ९ सारखंच.

२१. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी?

बांधताना शेल, कॅम, गजन पिनला असेंब्ली ल्युब लावलेलं असू द्या. मग प्लग काढून, इंधन बंद करून स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑईलचा दाब दिसेपर्यंत. त्यानंतरच सुरू करा. सुरू झाल्यावर आयडलवर तासभर सोडून देऊ नका, रिंगा सिलेंडरमधल्या गॅसच्या दाबानेच बसतात, आणि तो दाब लोड दिल्यावर येतो. पाणी, ऑईलची गळती बघून गाडी बाहेर काढा, मध्यम जोर द्या, सोडा, परत द्या, एकाच स्पीडला लांब जाऊ नका. पहिलं ऑईल लवकर बदला आणि फिल्टर कापून बघा. जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटचा कॅम नवीन असेल तरच अपवाद, त्याला सुरू झाल्या झाल्या साधारण २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवतात आणि झिंक जास्त असलेलं ऑईल लागतं.

२२. सगळं करून अजून थोडं ऑईल कमी होतंय, परत खोलू?

लगेच नको. रिंगा बसायला काही शे किलोमीटर लागतात, त्यात थोडं ऑईल जातं. दर वेळी थंड इंजिनावर, सपाट जागेवर डिपस्टिक बघून वहीत लिहा, अंदाजाने नाही. आकडा हळूहळू कमी होत असेल तर सोडून द्या. तसाच राहिला तर ब्रीदर (प्रश्न २), मग लीकडाऊन (प्रश्न १). लीकडाऊनमध्ये आकडे चांगले आणि तरी ऑईल जातंय, तर कॉम्प्रेशनच्या रिंगा ठीक आहेत आणि संशय ऑईल रिंगवर जातो, तेव्हा प्रश्न ११ मधली ती स्प्रिंगची टोकं आठवा. चढवताना ती बघितली होती का हे तुमचं तुम्हालाच माहीत.